तेल नळीतून येतंय, पण दोष नळीचाच आहे का?

प्रश्न : एका वाचक भगिनीकडे त्यांच्या काकांनी आपली १९६७ ची ट्रायम्फ बॉनव्हिल सोपवली आहे. काकांचे गुडघे आता किक मारू देत नाहीत. इंजिनाचं बोअरिंग (झिजलेला सिलिंडर आतून घासून नीट करणं) नुकतंच झालंय, ऑइल टँक आणि बाजूची कव्हरं नव्याने रंगवून घेतली आहेत. गाडी दोन-तीन आठवड्यांतून एकदा निघते आणि दर फेरीनंतर मागच्या मडगार्डवर, कधी टायरच्या कडेलाही तेलाचे ओघळ दिसतात. ते ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून येतं, एवढं त्यांनी स्वतः पाहिलं आहे. आता तिघांचे तीन सल्ले आहेत. मेकॅनिक म्हणतो, ऑइल टँकची आणि क्रँककेसची (पिस्टनखालच्या, इंजिनाच्या तळच्या कवचाची) नळी एकत्र जोडून एकच खाली सोडू. सोबत गाडी चालवणारा एक मित्र म्हणतो, टँकच्या नळीला बूच मार, टँकला श्वास कशाला हवा? आणि काकांचं म्हणणं, पार्ट्स बुकात (कंपनीच्या सुट्या भागांच्या पुस्तकात) आहे तशीच नळी जायला हवी, इकडची तिकडे करायची नाही. मेकॅनिकचं ऐकलं तर काका दुखावतील, काकांचं ऐकलं तर टायरवर तेल येत राहील. त्या विचारतात, नळ्या नेमक्या कुठून न्याव्यात आणि कोणाचं ऐकावं?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता, कंसात लिहिलं आहे : ‘निघण्याआधी टँकमध्ये तेल बरंच खाली गेलेलं दिसतं, म्हणून दर वेळी थोडं ओतते.’ नळीच्या वाटेकडे मी येणारच आहे, पण आधी इथे थांबू. तेल नळीतून येतंय म्हणजे नळी चुकीच्या जागी आहे, हे तिन्ही सल्लागारांनी गृहीत धरलंय. तुम्हीही धरलंय. मला ते तितकंसं पटत नाही.

तुमच्या गाडीचं तेल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. ते वेगळ्या टँकमध्ये असतं. (बुलेटवाल्या वाचकांना हे नवं वाटेल, कारण रॉयल एनफिल्डने तेलाची जागा क्रँककेसच्याच पोटात केली होती.) टँकमधून तेल पंपाकडे येतं, पंपाचा एक प्लंजर (वर-खाली सरकणारा दट्ट्या) ते बेअरिंगांना पुरवतो आणि दुसरा तळाशी जमलेलं तेल उचलून परत टँकमध्ये टाकतो. हा परतीचा प्लंजर मुद्दाम मोठा ठेवलेला आहे, म्हणजे तळाशी तेल साचून राहू नये. त्यामुळे तो तेलाबरोबर हवाही उचलतो आणि ती टँकमध्ये येते. टँकच्या वरच्या नळीचं काम ही हवा बाहेर सोडणं.

गाडी आठवडा-दोन आठवडे उभी राहिली की टँकमधलं तेल पंपाच्या व्हॉल्व्हमधून हळूहळू झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे फार सर्रास होतं. तुम्ही टँकचं झाकण उघडता, पातळी खाली दिसते, तुम्ही तेल ओतता. खरं तर तेल कुठेही गेलेलं नसतं, ते इंजिनाच्या तळाशी बसलेलं असतं. मग गाडी सुरू होते, पंप तळातलं सगळं तेल वर फेकतो, टँक गळ्यापर्यंत भरतो आणि जादाचं तेल हवेबरोबर नळीवाटे मडगार्डवर येतं. परत आल्यावर पातळी बरोबर दिसते, कारण जादाचं वाटेत सांडून गेलेलं असतं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. तुमच्या बाबतीत असंच होतंय असं मी इथे बसून छातीठोकपणे म्हणत नाही. पण पत्रातल्या सगळ्या खुणा याच दिशेला जातात, आणि हे तपासायला पानाही लागत नाही.

यापुढे थंड गाडीची पातळी बघून तेल ओतू नका. गाडी सुरू करा, झाकण उघडून टँकमध्ये परतीच्या नळीचं तोंड बघा. आधी जाड, सलग धार येईल. ती तुटक होऊन बुडबुडे येऊ लागले की समजायचं, तळ रिकामा झाला. इंजिन चांगलं गरम झाल्यावर बंद करा आणि लगेच पातळी पाहा. ट्रायम्फच्या या जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांना कंपनीने सांगितलेली पातळी झाकणापासून दीड इंच खाली अशी आहे. ती वरची जागा वाया गेलेली नाही, परतणाऱ्या तेलातला फेस तिथे बसतो आणि हवा तेलापासून वेगळी होते. ‘काठोकाठ भरलेलं बरं’ असं समजून ओतलं की फेस थेट नळीत शिरतो. गाडी फार दिवस उभी असेल आणि टँक जवळजवळ रिकामा दिसत असेल, तर क्रँककेसच्या खालचा प्लग उघडून साचलेलं तेल काढा, स्वच्छ असेल तर गाळून टँकमध्ये घाला आणि मगच किक मारा. एवढं तेल तळाशी असताना सुरू केलं तर क्रँकच त्यात घुसळत राहतो आणि दोन्ही नळ्या तेल ओकतात.

झिरपणं थांबवण्यासाठी कोणीतरी तुम्हाला टँकखालच्या नळीत छोटा नळ बसवायला सांगेल. उभी असताना बंद, निघताना चालू. ऐकायला सोपं आहे, पण माझा ठाम नकार आहे. एकदा, फक्त एकदा, तो उघडायचा राहिला तर इंजिन तेलाविना फिरेल आणि नुकतंच केलेलं बोअरिंग, बेअरिंगं, सगळं जाईल. त्यापेक्षा पंप उघडून त्यातल्या गोळ्या, स्प्रिंगा आणि गोळ्या जिथे बसतात त्या जागा साफ करून घ्या. तिथे कचऱ्याचा कण अडकला असला तरी झिरपणं वाढतं. हे काम तुमच्या मेकॅनिकच्या हातचं आहे. त्यानंतरही थोडं झिरपेल, ते चालतं.

आता हे तेल दोनपैकी कोणत्या नळीतून येतंय ते शोधा. पत्रात तुम्ही ‘ब्रीदरची नळी’ एवढंच म्हटलंय, पण तुमच्या गाडीला दोन वेगळे श्वास आहेत आणि दोघांची कारणं निराळी. टँकच्या श्वासाचं सांगितलं. क्रँककेसचा श्वास याहून जोरकस असतो. बॉनव्हिलचे दोन्ही पिस्टन एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात, त्यामुळे क्रँककेस भात्यासारखी चालते. इंजिन ६४९ सीसीचं आहे, म्हणजे दर फेऱ्याला आतली तेवढी जागा कमी होते आणि पुन्हा वाढते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर हे मिनिटातून ३००० वेळा घडतं. हवेला वाट दिली नाही तर ती सील, पॅकिंग, टॅपेटची कव्हरं, जिथे फट मिळेल तिथून तेल घेऊन बाहेर पडेल. ब्रिटिश गाड्या तेल गाळतातच, असं आपण हसून म्हणतो, पण त्यातल्या कितीतरी गाड्यांचा श्वास कोंडलेला असतो आणि लोक पॅकिंग बदलत बसतात.

तुमच्या काळातल्या ट्रायम्फमध्ये यासाठी इनटेक कॅमशाफ्टच्या (इंजिनात हवा-पेट्रोल घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) डाव्या टोकाला स्प्रिंगने दाबून धरलेली, छिद्रांची फिरती चकती आहे. पिस्टन खाली येताना ती वाट उघडते, वर जाताना बंद करते. हवा बाहेर जाते, सहज आत येत नाही. १९७० च्या मॉडेलपासून कंपनीने ही चकती काढून टाकली आणि क्रँककेसचा श्वास प्रायमरी चेनकेसमध्ये (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या बंद कव्हरमध्ये) वळवला, तिथून मोठ्या नळीने मागे. म्हणून नंतरच्या गाडीचा फोटो पाहून तुमच्या गाडीच्या नळ्या लावू नका. दोन्ही बॉनव्हिलच, पण श्वास घेण्याची रीत वेगळी. त्याच चकतीमुळे अजून एक लक्षात ठेवा : सध्या क्रँककेसच्या नळीत एकदिशा रीड व्हॉल्व्ह (हवा फक्त बाहेर सोडणारी पातळ पट्टीची झडप) घालण्याची पद्धत आहे आणि बऱ्याच गाड्यांवर तो छान काम करतो. पण चकती आत असताना त्यापुढे दुसरा व्हॉल्व्ह लावण्यात मला अर्थ दिसत नाही. चकती काढायची की ठेवायची, हा विचार पुढे कधी इंजिन उघडलं तर करा.

चाचणी अशी. दोन्ही नळ्या वेगळ्या करा. प्रत्येकीचं टोक एकेका रिकाम्या, तोंड उघड्या बाटलीत सोडा आणि बाटल्या फ्रेमला पक्क्या बांधा. चेन, चाक आणि सायलेन्सरपासून लांब. तेलाची पातळी वर सांगितली तशी गरम इंजिनावर लावून घ्या आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारून या. टँकच्या बाटलीत तेल आलं तर पातळी किंवा फेस. क्रँककेसच्या बाटलीत बरंच तेल आलं आणि मागून निळा धूरही दिसला तर पिस्टनच्या रिंगांकडे बघावं लागेल, पण बोअरिंग नवं आहे, रिंगा बसेपर्यंत थोडा जास्त वाफारा येणारच, त्यावरून घाबरून इंजिन उघडू नका. पांढरट, ताकासारखं काही आलं तर ते तेलात मिसळलेलं पाणी. फार छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली ओल बाहेर जात नाही, तेव्हा असं होतं. त्यावर औषध एकच, गाडी लांब चालवा. आणि दोन्ही बाटल्या कोरड्या राहिल्या तर टायरवरचं तेल कदाचित चेनला घातलेलंच असेल.

दुसरी शंका तुमच्या नव्या रंगाबद्दल. टँक रंगवताना वरच्या श्वासाच्या तोंडात रंग किंवा प्रायमर जाऊन ते अर्धं बुजल्याची उदाहरणं मी बरीच पाहिली आहेत. आत जुना गाळ असेल तर आणखीच. नळी काढून त्या तोंडातून हलकेच हवा फुंकून बघा, झाकण उघडं ठेवून. हवा सहज गेली पाहिजे. गाडी चालवून आल्यावर झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर टँक कोंडलाय, हे नक्की. जुनी रबरी नळीही तपासा. बाहेरून ठणठणीत दिसते, पण तेलाने आतला थर फुगून भोक बारीक झालेलं असतं.

यावरून तुमच्या मित्राच्या सल्ल्याचं उत्तर मिळतंच. टँकच्या नळीला बूच अजिबात मारू नका. पंप हवा आत ढकलत राहील, तिला जायला जागा नसेल, झाकणाच्या पॅकिंगमधून तेल उडेल, आणि ते बरोबर तुमच्या मांडीवर. उभ्या गाडीत पातळी खाली जाताना त्याच वाटेने हवा आत यावी लागते, म्हणून या नळीत एकदिशा व्हॉल्व्हही नको.

मेकॅनिकचा सल्ला इतका सरळ मोडीत काढण्यासारखा नाही. दोन श्वास एकत्र आणण्याची कल्पना खुद्द कारखान्यांनी वापरली आहे. नॉर्टन कमांडोमध्ये क्रँककेसची नळी ऑइल टँकमध्ये जाते, तिथे तेल खाली बसतं, आणि टँकची हवा पुढे एअर फिल्टरच्या डब्यात जाते. पण तिथे टँक त्याच कामासाठी बनवलेला आहे. तुमच्याकडे नुसता टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन नळ्या एकत्र केल्या तर क्रँककेसचे धक्के टँकपर्यंत पोहोचतील, शिवाय तेल कुठून येतंय हे कळण्याची सोयच जाईल. म्हणून निदान पूर्ण होईपर्यंत नाहीच. नंतर जोडायच्या असतील तर जोड सीटखाली उंचावर हवा, तिथून पुढची नळी दोघींपेक्षा मोठ्या भोकाची हवी आणि जोडापासून टोकापर्यंत उतार सलग हवा. मला विचाराल तर तुमच्या गाडीवर त्या वेगळ्याच ठेवा.

आता वाट. दोन्ही नळ्यांचा नियम सारखा आहे : आधी वर, मग सलग खाली. निघाल्यावर नळी चढती असली की जड थेंब परत आत ओघळतात आणि बाहेर फक्त हवा जाते. क्रँककेसची नळी डावीकडून, कार्ब्युरेटरच्या मागून सीटखाली चढवा. टँक तुमच्या गाडीत उजव्या बाजूला आहे, त्याची नळी वरच्या तोंडातून निघून थोडी चढून सीटखाली येईल. तिथून दोघी मागच्या मडगार्डच्या कडेने मागे आणि खाली जाऊ देत. वाटेत कुठेही झोळ पडू देऊ नका. झोळात तेल आणि पाणी साचतं, नळी तिथे बुजते आणि मग एकदम पिचकारी येते. थंड हवेत ते पाणी गोठतंही.

टोकाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण जिवाशी खेळ इथेच होतो. टोक मागच्या चाकाच्या पुढे किंवा वर कधीच संपू नये. ते मडगार्डच्या मागच्या भागात, चाकाच्या बाहेरच्या रेषेत, खाली आणि मागे तोंड करून असावं. पुढे तोंड असेल तर वाऱ्याचा दाब नळीत शिरतो. टोक तिरकं कापा, म्हणजे कशाला टेकलं तरी पूर्ण बंद होणार नाही. सायलेन्सरवर थेंब पडणार नाही आणि ब्रेकच्या ड्रमकडे ओघळणार नाही, हेही बघा. मग दोन जणांना सीटवर बसवून गाडी दाबा आणि खाली वाकून पाहा : चाक वर आलं तरी नळी आणि टायर, नळी आणि चेन यांत मोकळी जागा राहते का? उभ्या, रिकाम्या गाडीवर सगळंच सुटसुटीत दिसतं.

नळी तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची घ्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी चाचणीपुरती ठीक, तेल दिसतं तरी. कायमची नको, ती गरमीने आधी मऊ पडून मुडपते आणि मग कडक होऊन तडकते. आतलं भोक तोंडापेक्षा लहान असता कामा नये आणि वाटेत कुठेही बारीक जोड नको. क्लिपा नळी धरतील इतक्याच आवळा, पिळवटू नका. टँक रबरावर बसवलेला असतो, म्हणून तिथे थोडी ढील ठेवा. हे वाचणाऱ्या कमांडोवाल्यांनी जास्त ठेवावी, कारण तिथे अख्खं इंजिनच रबरावर हलतं आणि ताणलेली नळी तोंडातून निसटते.

टोकाशी छोटा फिल्टर लावावा का, असं इतर पत्रांतून नेहमी विचारलं जातं. सीटखाली थेट नळीला लावला तर तो तेलाने भिजून बुजतो आणि टपकत राहतो. त्याऐवजी छोटा डबा चांगला : नळी डब्यात, डब्याला वर मोकळं छिद्र, खाली निचऱ्याचा स्क्रू. साइड कव्हरमागे लपतो, काढला तर गाडीवर एकही नवं भोक राहत नाही. सगळं ठीक असूनही चार थेंब येत असतील तर मी हाच मार्ग धरेन.

आता काका. ते म्हणतात ती पार्ट्स बुकातली वाट बहुतांशी वर सांगितली तशीच असणार, कारण या गाड्या बनवणाऱ्यांना मागच्या टायरची काळजी आपल्याइतकीच होती. त्यामुळे काकांविरुद्ध मेकॅनिक असं हे भांडण मुळात नाहीच. पण ‘मूळ होतं तेच योग्य’ हे काकांचं मतही तपासून घ्या. इतक्या वर्षांत गाडीतून कोणी काय काढलं, काय बदललं कोण जाणे. आता जी वाट मूळची म्हणून दाखवतात ती मध्येच कुणा मेकॅनिकने केलेली असू शकते. तुमच्या नेमक्या वर्षाच्या पार्ट्स बुकातलं चित्र काकांबरोबर बसून बघा. आणि गाडी शेवटची ते चालवत होते तेव्हा तेल कधी, थंड असताना की फिरून आल्यावर, बघायचे, हे त्यांना जरूर विचारा. रोज चालणाऱ्या गाडीत तेल तळाशी उतरायला वेळच मिळत नाही, तेव्हा त्यांना हा त्रास कधी दिसलाही नसेल. आठवडेच्या आठवडे उभी राहणं गाडीला तुमच्याकडे आल्यावर घडलं. तेल सांडतंय यात काकांची गाडी तुम्ही बिघडवली असं काही नाही, आणि पत्रात ती टोचणी मला दोन-तीन ठिकाणी जाणवली म्हणून हे लिहितोय.

चाचणीच्या फेरीआधी टायरची कड आणि रिम साबणाच्या पाण्याने नीट धुवा, कोरडी करा आणि पहिली काही वळणं सरळ बसून, सावकाश घ्या. मागचा ब्रेक लावून बघा. ड्रममध्ये तेल गेलं असेल तर ब्रेक शूज धुऊन भागत नाही, ते बदलावेच लागतात. नळ्या शेवटच्या बसल्या की त्यांच्या वाटेचे फोटो काढा, आतल्या भोकाचं माप आणि गरम इंजिनावरची तेलाची पातळी एका कागदावर लिहा आणि तो टूलबॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी गाडी कोणाच्याही हाती गेली तरी तो कागद आधी वाचायला द्या.